समुद्र दाराशी, मग बुडी मालवणात का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे पाहिले. धाकटी आठ वर्षांची, तिला होडीतच बसवून ठेवावं लागलं. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "समुद्र तर मुंबईतही आहे, मग आपण इतक्या लांब का आलो?" मी म्हणालो, मुंबईचा समुद्र इतका घाण आहे की त्यात काही जगतच नाही. यावर अंधेरीचा माझा मेहुणा हसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हाजी अलीला प्रवाळ आहेत आणि कोस्टल रोड बांधताना ते उचलून दुसरीकडे नेले. आमच्यात बरोबर कोण? शिवाय मुंबईजवळ एवढी जहाजं बुडाली, ती पाहायला कोणी का उतरत नाही? आणि सिंधुदुर्गात नौदलाचं जहाज मुद्दाम बुडवण्याची योजना आहे म्हणतात, ते कशासाठी?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण त्यांचं मूळ तुमच्या मुलीच्या प्रश्नात आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. आधी वाद मिटवतो. तुमच्या मेहुण्यांचं बरोबर आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत. इथलं पाणी बुडी मारण्याजोगं नाही, हे तुमचं म्हणणंही बरोबर आहे. चूक झाली ती या दोन गोष्टी एकमेकींना जोडताना. पाण्यात आपल्याला दिसत नाही, यावरून त्यात कोणी राहत नाही असं ठरत नाही.

आपल्या बोलण्यात गढूळ आणि घाण या दोन तक्रारी नेहमी एकत्र येतात. समुद्राच्या बाबतीत त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. आक्सा किंवा जुहूच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी बारीक करड्या मातीचा थर बसलेला दिसेल आणि वरचं पाणी बरंच निवळलेलं असेल. मुंबईच्या समुद्राला तो मातकट रंग मुख्यतः या गाळाने येतो. मुंबई वसली त्याच्या कितीतरी आधीपासून हा गाळ इथे आहे.

तो येतो कुठून? उत्तरेला खंबातच्या आखातात नर्मदा आणि तापी या मोठ्या नद्या दर पावसाळ्यात प्रचंड माती ओततात. त्यातली बारीक माती प्रवाहांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर पसरते. त्यात घरच्या खाड्यांची भर पडते. उल्हास नदीचं पाणी वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीत जातं, दहिसर नदी मनोरीच्या खाडीत, पोईसर आणि ओशिवरा मालाडच्या खाडीत आणि मिठी माहीमच्या खाडीत. तुमच्या मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीत मैलोन्‌मैल जो चिखल दिसतो, तोही हाच गाळ. खारफुटी त्याच्यावरच उभी आहे आणि फ्लेमिंगो त्यातच चोच घालून पोट भरतात. बुडी मारणाऱ्याला नकोसा वाटणारा हा चिखल खाडीच्या जीवसृष्टीचा आधार आहे, म्हणून त्याला नावं ठेवताना जरा जपून.

आता खरा प्रश्न असा, की हा गाळ एकदाचा तळाशी बसून का जात नाही? बाटलीत रात्रीत बसतो, मग समुद्रात का नाही? याला भरती-ओहोटी कारणीभूत आहे. ताकाचा पेला तासभर ठेवून दिला तर वर निवळ येते आणि दाट भाग खाली बसतो, पण हलवला की पुन्हा सगळं एक होतं. मुंबईच्या समुद्राचा पेला दिवसातून दोनदा हलवला जातो, आणि तोही जोरात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे साधारण सहा तासांत एका मजल्याहून उंच पाणी किनाऱ्यावर चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. एवढं पाणी खाड्यांच्या अरुंद तोंडांतून आत-बाहेर करताना जोराचा प्रवाह तयार होतो आणि तळाचा गाळ पुन्हा वर येतो. तो खाली बसायला लागतो न लागतो तोच पुढची भरती सुरू होते.

मालवणला हाच फरक उधाणातही दोन मीटरच्या आसपास राहतो. समुद्र एक, चंद्रही एक, मग असं का? समुद्राचा तळ किनाऱ्यापासून एकदम खोल जात नाही. आधी एक उथळ पायरी असते आणि मग कडा येतो. या पायरीला समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर ती सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या रुंद, उथळ पायरीवर चढली की तिची उंची वाढते. त्यापुढे खंबातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो आणि भावनगरच्या बाजूला हा फरक दहा मीटरच्या घरात पोहोचतो. कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी भरती वाढते आणि तिच्याबरोबर पाण्यातला गढूळपणाही. मालवण या उताराच्या सोयीच्या टोकाला आहे आणि मुंबई गैरसोयीच्या.

राहिली घाण. तीही खरी आहे आणि तिची जबाबदारी निसर्गावर ढकलता येणार नाही. पश्चिमेला वरळी आणि वांद्रे इथून महानगरपालिकेच्या मोठ्या वाहिन्या सांडपाणी समुद्रात तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडतात, तर पूर्वेला घाटकोपर आणि भांडुपच्या केंद्रांमधलं पाणी ठाण्याच्या खाडीत जातं. याशिवाय नाले आणि नद्या आपापला माल घेऊन येतातच. पाण्याच्या रंगात या घाणीचा वाटा लहान आहे, आजाराच्या बाबतीत मात्र मोठा. बुडी मारणाऱ्याच्या कानात, नाकात, थोडंफार तोंडातही पाणी जातं आणि कानाच्या व पोटाच्या आजारांना तेवढं पुरतं. उद्या मुंबईचं सगळं सांडपाणी पूर्ण शुद्ध करून सोडलं तर समुद्र आरोग्याला बराच चांगला होईल. ते व्हायलाच हवं. पण तेव्हाही तो मालवणसारखा निळा दिसणार नाही, कारण नर्मदा-तापी आणि भरती आपलं काम चालूच ठेवतील.

पाण्याखाली किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं, याला डायव्हिंगची मंडळी व्हिजिबिलिटी म्हणतात. दिवस चांगला की वाईट हे ती याच मापाने ठरवतात. मालवणला चांगल्या दिवशी पाच ते दहा मीटर दिसतं. लक्षद्वीप-अंदमानला वीस मीटर आणि त्याहूनही जास्त. मुंबईच्या किनाऱ्याजवळ पसरलेल्या हाताची बोटं दिसली तरी पुष्कळ. यात नुसता मजेचा प्रश्न नाही. पाण्याखाली नेहमी जोडीने उतरतात. जोडीदाराचं सिलिंडर अडकलं, मास्क निसटला, भीती वाटली तर ते दुसऱ्याला दिसायला हवं. तिथे आवाज देऊन बोलता येत नाही, सगळा संवाद हाताच्या खुणांचा. खूणच दिसली नाही तर जोडीदार असूनही माणूस एकटा पडतो. मुंबईच्या पाण्यात माणसं उतरतात, नाही असं नाही. नौदलाचे, बंदराचे, अग्निशमन दलाचे पाणबुडे या पाण्यात उतरून जहाजांचे तळ, धक्क्यांचे खांब तपासतात, बुडालेल्यांचा शोध घेतात. पुष्कळदा डोळ्यांनी काहीच दिसत नसताना ते हाताच्या स्पर्शावर काम करतात. त्यामागे कठोर प्रशिक्षण असतं. सुट्टीतल्या माणसाने त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

आता मेहुण्यांच्या प्रवाळांकडे वळू. प्रवाळ हा प्राणी आहे. फुलासारखी तोंडं असलेले चिमुकले जीव हजारोंच्या संख्येने एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं कवच रचतात. आपण दगड म्हणून पाहतो ती त्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो. गढूळ पाण्यात उजेड खोलवर जात नाही आणि वरून गाळ बसून त्याची तोंडं बुजतात. (अंगठीत घालतात ते लाल पोवळं खोल समुद्रातल्या वेगळ्या जातीचं असतं आणि त्यात असं शैवाल नसतं. मालवणला पाहिलेल्या प्रवाळांतून ते मिळत नाही.)

मग हाजी अलीला ते जगतात कसे? प्रवाळांच्या काही जाती चिवट असतात. गाळ सहन करणाऱ्या, अंगावर बसलेली माती झटकू शकणाऱ्या. या जाती मुंबईत अगदी किनाऱ्यालगतच्या खडकांवर, ओहोटीच्या वेळी खळग्यांमध्ये पाणी साचून राहतं तिथे वस्ती करतात. तिथे पाणी वीतभर, त्यामुळे ते गढूळ असलं तरी उजेड पोहोचतो. हाजी अली, वरळी, कुलाबा इथे अशा वसाहती आहेत. त्यांच्यापासून मोठी भिंत किंवा रीफ तयार होत नाही. खडकाला चिकटलेले हातभर, वीतभर ठिपके म्हणा. पण ते जिवंत आहेत, आणि भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना पहिल्या परिशिष्टात जागा आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच. म्हणूनच किनारी रस्त्याच्या कामाआड आलेल्या वसाहती हलवायला वन खात्याची परवानगी लागली आणि 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने त्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या खडकांवर नेण्यात आल्या. मेहुण्यांनी वाचलेली बातमी ती हीच. माझ्या मते त्या बातमीचा मोठा उपयोग असा झाला, की ज्या खडकांवरून आपण वर्षानुवर्षं नुसते भेळ खात सूर्यास्त पाहत आलो तिथे कोण राहतं, हे पहिल्यांदा बऱ्याच मुंबईकरांना कळलं.

आणि इथे तुमच्या मुलीसाठी चांगली बातमी आहे. मुंबईचं हे जग पाहायला सिलिंडर लागत नाही. रबरी तळाच्या सँडल आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक एवढं पुरतं. समुद्र स्वतःच मागे सरतो आणि दोन तास आपला तळ उघडा करून ठेवतो. जुहूला जिथे वाळूतून खडक डोकं वर काढतो तिथे किंवा वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर जा. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, गोगलगायींचे रंगीत समुद्री भाऊबंद, कधी नशीब असेल तर कपारीत दडलेला लहानसा अष्टपाद. लोकल आणि रिक्षाच्या टप्प्यात हे सगळं आहे. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातली मंडळी 2017 पासून जाणकारांबरोबर अशा किनारफेऱ्या घडवून आणतात. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा जाणं उत्तम, कारण नुसत्या डोळ्यांना जो खडक दिसतो त्यात बघायचं काय, हे कोणी दाखवून दिलं की मग पुढे आपोआप दिसायला लागतं.

वेळ निवडण्याचं एक सोपं सूत्र कोळीवाड्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. त्याच दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. खडक पाहायला उधाणाचे दिवस घ्यावेत, ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचावं आणि पाणी वळलं की लगेच परत फिरावं. पावसाळ्यात मात्र हा बेत नकोच.

बुडी मारायची तर हे गणित नेमकं उलटं होतं. तेव्हा भांग बरा. पाणी कमी हलतं, गाळ कमी उठतो, लांबचं दिसतं. मालवणला जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण सुट्टी पाहून जातात, पंचांग पाहून कोणी जात नाही. दोन शनिवार-रविवारांत निवड करता येत असेल तर अष्टमीजवळचा घ्यावा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. मेअखेर समुद्र खवळायला लागला की पाण्यातले खेळ बंद होतात ते पावसाळा सरेपर्यंत.

मालवणबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. जाहिरातींत दाखवतात तसं निळं, काचेसारखं पाणी तिथे रोज नसतं. ती चित्रं पुष्कळदा दुसऱ्याच समुद्रातली असतात. मालवणचं वैभव वेगळं आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतला, ते बेट आणि पद्मगडाच्या आसपासचे खडक पाण्याखालीही पसरलेले आहेत. त्या खडकांना धरून प्रवाळ, समुद्रपंखे, स्पंज आणि त्यांच्या आश्रयाने मासे राहतात. जहाजाला अडचणीचा, शत्रूला धोक्याचा असा हा खडकाळ तळ किल्ल्याला संरक्षण म्हणून उपयोगी पडला आणि तोच प्रवाळांनाही मानवला. 1987 मध्ये इथलं 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. म्हणजे तुम्ही बुडी मारलीत ती अभयारण्यात, हे लक्षात असू द्या. ताडोबात आपण गाडीतून उतरून हरणाला हात लावत नाही. तसंच इथे प्रवाळाला हात लावायचा नाही, फोटोसाठी त्यावर उभं राहायचं नाही. बरेच प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका पायाने मोडलेला भाग भरून यायला मूल शाळेतून कॉलेजात जाईपर्यंतचा काळ लागू शकतो. फोटोत मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तिलाही नम्रपणे नको म्हणा. मासे खडकावरचं शैवाल खातात म्हणून प्रवाळाला जागा मिळते, आणि पावाला सवकलेले मासे ते काम सोडतात.

महाराष्ट्राचं खरं मोठं प्रवाळपठार मात्र किनाऱ्यावरून दिसतच नाही. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा किलोमीटर रुंद. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोहोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि एवढ्या खोलीवरही प्रवाळ भरघोस. तिथे सहल जात नाही, संशोधकांच्या मोहिमा जातात. पण गाळ नसला की आपल्याच अरबी समुद्रात काय घडू शकतं, याचा तो पुरावा आहे.

आता बुडालेली जहाजं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मुंबईच्या आसपास ती पुष्कळ आहेत. वर्सोवा-जुहूच्या लोकांना 2011 चा पावसाळा आठवत असेल. जूनमध्ये विस्डम आणि जुलैअखेर पवित, अशी दोन भरकटलेली जहाजं जुहूच्या वाळूत येऊन रुतली आणि ती पाहायला अख्खं उपनगर लोटलं. ती बुडाली नव्हती, नंतर ओढून नेली. पण त्याच वर्षी 4 ऑगस्टला कोळसा घेऊन निघालेलं राक कॅरियर मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर खरोखरच बुडालं. त्यावरचे तीसही खलाशी वाचवले गेले. पण तौक्ते चक्रीवादळात, 17 मे 2021 ला, तेलक्षेत्राजवळ पी-305 हा तराफा बुडाला तेव्हा अनेकांचे प्राण गेले. आणि 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मुंबईत आणि रायगडात आजही अशी घरं आहेत जिथे त्या बोटीवर कोणीतरी होतं.

या जागी पर्यटक न उतरण्याची कारणं आता तुम्हीच सांगू शकाल. पाणी गढूळ आणि प्रवाह जोराचा. भरती संपून ओहोटी लागण्याच्या मधली शांत वेळ फार थोडी. शिवाय मोडक्या पत्र्यांच्या, तुटक्या दोरखंडांच्या आणि अडकलेल्या जाळ्यांच्या मध्ये काही दिसत नसताना शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. किनाऱ्याजवळ मोठ्या जहाजांची वर्दळ आणि नौदलाची, बंदराची बंधनं. आणि रामदाससारख्या बोटींच्या बाबतीत ती जागा कित्येकांची समाधी आहे. तिथे पाहायला म्हणून कोणी जावं असं मला वाटत नाही, पाणी नितळ असतं तरीही.

जहाज पाण्याखाली पाहायचंच असेल तर जवळचं सोपं ठिकाण गोव्यात. ग्रँड आयलंडजवळ एका जुन्या जहाजाचे अवशेष बारा मीटरच्या आत पडलेले आहेत आणि डायव्हिंगची मंडळी त्याला सुझीज रेक म्हणतात. आता तिथे जहाज कमी आणि माशांची वसाहत जास्त आहे. मुद्दाम जहाज का बुडवायचं, याचं उत्तर इथे मिळतं. समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी वाळूचा किंवा चिखलाचा असतो. प्रवाळ, कालवं, स्पंज यांची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगत असतात आणि त्यांना चिकटायला पक्का आधार लागतो. वाळूवर ती बसू शकत नाहीत, वाळू सरकते. जहाजाचा पोलादी सांगाडा तळाशी आला की काही दिवसांतच त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर शैवाल, मग बार्नॅकल आणि कालवं. त्यांनी पृष्ठभाग खडबडीत केला की स्पंज आणि मऊ प्रवाळ. लहान मासे लपायला येतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे. ओसाड तळावर काही वर्षांत गजबज होते.

सिंधुदुर्गात ज्या जहाजाची योजना आहे ते आयएनएस गुलदार. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी पोलंडमध्ये बांधलेलं, सुमारे 84 मीटर लांबीचं हे जहाज 1985 मध्ये नौदलात दाखल झालं आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालं. 2025 मध्ये ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आलं. वेंगुर्ल्याच्या समुद्रात निवतीच्या खडकांजवळ ते तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायचं, अशी ती योजना. जहाज नुसतं बुडवून चालत नाही. आधी तेल, वंगण, विजेच्या तारा, विषारी रंग, सैल वस्तू सगळं काढावं लागतं, नाहीतर माशांना घर देण्याऐवजी विष दिल्यासारखं होईल. आतल्या खोल्यांना मोठी भोकं पाडतात, म्हणजे उजेड आत जातो आणि आत शिरलेल्याला बाहेरची वाट दिसते. जागाही अशी लागते की जहाज सरळ बसेल, वादळात लोळणार नाही आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना आडवं येणार नाही. यातलं शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. आणि एक सांगायलाच हवं. असं जहाज हे खऱ्या रीफला जोड म्हणून चांगलं. जिवंत प्रवाळ मोडू द्यायचे आणि भरपाईला लोखंड बुडवायचं, हा हिशेब जमणारा नाही.

हे वाचून तुम्ही त्या जहाजात शिरायचे बेत करण्याआधी थोडं थांबवतो. मालवणला तुम्ही केलंत ते शिक्षकाच्या हातात हात देऊन केलेलं पहिलं दर्शन. पोहता न येणाऱ्यालाही ते करता येतं, कारण सगळी जबाबदारी शिक्षकाची असते. स्वतंत्रपणे उतरण्याचा पहिला अभ्यासक्रम अठरा मीटरपर्यंतची परवानगी देतो आणि त्याला पोहता यावंच लागतं. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरण्याचं प्रशिक्षण त्याच्याही पुढचं, कारण डोक्यावर छत असताना थेट वर येता येत नाही. पोहायला तुमच्या मुलुंडचा कालिदासशेजारचा तरणतलाव किंवा अंधेरीचं शहाजीराजे संकुल आहेच. तारकर्लीला महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, तिथे रीतसर अभ्यासक्रम होतात. धाकटीला मात्र दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल, समुद्रातल्या बुडीसाठी सर्वसाधारणपणे तीच किमान अट आहे.

तुम्ही पत्रात न विचारलेला, पण बहुतेकांच्या मनात असलेला एक समज: पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो. तो नसतो. त्यात आपण श्वास घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते, एक पंचमांश ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन. खोलवर शुद्ध ऑक्सिजन उलट धोक्याचा ठरतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि आपण त्या दाबाचीच हवा श्वासात घेतो. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम. पाच मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दीडपट होते. श्वास रोखलेला असेल तर ती बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फुप्फुसाला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी रद्द करावी, कान-नाकातला दाब जुळत नाही. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि शिक्षकालाही स्पष्ट सांगावं. पैसे भरले आहेत म्हणून लपवू नये.

दाबाखाली श्वासातला नायट्रोजनही रक्तात आणि शरीरात थोडा जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी माणूस विमानात बसला तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि सांध्यांपासून मज्जासंस्थेपर्यंत त्रास देऊ शकतात. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमान टाळावं, असा डायव्हिंगवाल्यांचा दंडक आहे. चिपीचा विमानतळ झाल्यापासून सकाळी बुडी आणि दुपारी विमान असा बेत आखणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. कुडाळहून रात्रीच्या कोकण रेल्वेने ठाण्याला येणाऱ्यांना ही अडचण नाही.